वैरणीचे टन छापता, कॅल्शियमही छापा

महोदय,

आपल्या शेतीच्या पानावर नेपियर गवताची माहिती वरचेवर येते. एकरी टन किती, कापण्या किती, प्रथिने किती, सगळे असते. कॅल्शियम-फॉस्फरसचा आकडा मात्र मला तिथे कधी सापडला नाही.

ऊसतोड सुरू झाली की आमच्या करवीर तालुक्यात मार्चपर्यंत गोठ्यात वाडेच वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणीवाल्यांकडून पेंढी स्वस्त मिळते, म्हैसही आवडीने खाते. पण वाड्यात ऑक्झलेट भरपूर. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. म्हशीच्या लिटरभर दुधातून दीड ग्रॅमच्या वर कॅल्शियम जाते. आठ लिटरवालीचा हिशेब ज्याने त्याने करावा. वैरणीतून भरून आले नाही तर ते हाडांतून निघते. मग ताजी व्यालेली म्हैस बसते ती उठत नाही, आणि सलाईन लावायला रात्री डॉक्टर शोधत फिरायचे. नेपियरचेही तसेच. युरिया मारून महिन्यातच कापलेल्या कोवळ्या गवतात ऑक्झलेट जास्त, पन्नास-साठ दिवसांच्या गवतात कमी. कापणीचे दिवस लेखात असतात, पण ते टनासाठी!

माझे माहेर राधानगरीकडचे. तिथे मुख्य वैरण भाताचे पिंजर, आणि त्यात फॉस्फरस नावालाच. म्हशी दावे, गोणपाट, चपला चघळतात. घरचे म्हणतात, खोड लागली. कुणी दृष्टही काढते. फॉस्फरस फारच घटला तर व्याल्यावर काही आठवड्यांत लघवी काळ्या कॉफीसारखी होते. तेव्हा दृष्ट काढत बसले की म्हैस हातची गेलीच.

वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत लसूणघास द्यावा, खुराकात रोज पन्नास-साठ ग्रॅम खनिज मिश्रण घालावे, हे जाणत्या गोठ्यांत ठाऊक आहे. लसूणघासाच्या वाळल्या वजनात सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम असते. फॉस्फरससाठी गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, बरा, त्यात तो टक्काभर मिळतो. नुसता भुसा वाढवूनही भागत नाही, कारण कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ साधारण दोनास एक असा लागतो. डेअरीत फॅट पॉइंटभर घसरली तरी आमच्या घरी दोन दिवस भांडण चालते, वैरणीत काय आहे हे कुणी विचारत नाही.

तेव्हा यंदा कारखाने सुरू व्हायच्या आधी वाडे, पिंजर, कडबा, मका, नेपियर आणि लसूणघास यांचा कॅल्शियम-फॉस्फरसचा तक्ता छापावा. अक्षर मोठे असावे, गोठ्यात चिकटवायचा आहे.

– एक दूध उत्पादक महिला, ता. करवीर, जि. कोल्हापूर