८ नॅनोसेकंद

प्रिय बापू,

अकरा महिने झाले, मला माहीत आहे. आज करतो, उद्या करतो म्हणत फोन राहून गेला, आणि मग इतके दिवस लोटले की करायचीच लाज वाटू लागली. तब्येत ठीक, गोळ्या चालू, ही मजेत. आता मुद्द्याचं.

हॉस्टेलच्या गच्चीवरची ती रात्र आठवते ना, जिच्यानंतर आपण पंधरा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो? नंतरचा निरोप मागे, भूतकाळात जातो का, यावरचं ते भांडण तू जिंकला होतास. हे आज का कबूल करतोय ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

गेल्या महिन्यात मुलांसमोर क्वांटम भौतिकीवर बोललो. शेवटी माझं ते जुनं आवडतं वाक्य आलंच: 'आज आपण काय निवडतो, त्यावर काल काय घडलं ते ठरतं.' दुसऱ्या दिवशी एक मुलगा भेटायला आला. वर्गात कधी तोंड न उघडणारा. दोन महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले. त्या रात्री त्यांचा फोन आला होता, आणि 'सकाळी बोलू' म्हणून ह्याने तो उचलला नव्हता. मला त्याने एवढंच विचारलं, "सर, निवड नंतर केली तरी चालते ना?" बापू, त्याच्या वहीत मी फळ्यावर काढलेल्या प्रयोगाची आकृती होती. स्केल लावून काढलेली.

मी त्याला म्हटलं, मंगळवारी ये, नीट बोलू. त्या दिवसापासून झोप उडालीय. किम, शी, स्कली वगैरेंचा त्या प्रयोगावरचा २००० सालचा पेपर पुन्हा काढला आणि रेघ न् रेघ वाचला. मंगळवारची तालीम तुझ्यावरच करतो. चुकलो तर अडव, नाहीतरी अडवणारच आहेस.

दोन फटींकडून आलेल्या एका फोटॉनपासून, म्हणजे प्रकाशाच्या कणापासून, दोन जुळे निघतात. पहिला लगेच नोंदला जातो. दुसऱ्याची वाट अडीच मीटरने लांब, म्हणून तो सुमारे ८ नॅनोसेकंद उशिरा. पहिला कुठल्या फटीकडून आला याची खूण ह्या दुसऱ्याजवळ असते. तो कुठल्या डिटेक्टरवर पडतो त्यावर ती खूण टिकते किंवा पुसली जाते. पुसली गेली, तर त्याच्या जोडीदारांच्या नोंदींत व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून होणारे उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. टिकली, तर दिसत नाहीत. यावर मी ओरडायचो, बघ, नंतरच्याने आधीच्याला बदललं! आणि तू म्हणायचास, फक्त पहिल्यांच्या नोंदी बघून दाखव पट्टे.

दाखवता येत नाहीत. तिथे सगळा मिळून एक सलग डाग असतो, कायम. कारण खूण पुसणारे डिटेक्टर दोन आहेत. एकाच्या यादीशी जोड लावली की पट्टे उमटतात, दुसऱ्याच्या यादीशी लावली की नेमक्या त्यांच्या मधल्या जागा भरतात, आणि बेरीज सपाट. ती यादी हाती यायला साधी तार लागते, प्रकाशाहून वेगाने काही येत नाही. नोंदलेला एक ठिपकासुद्धा जागचा हलत नाही. कुठला ठिपका कुठल्या ढिगात टाकायचा, एवढंच नंतर कळतं.

फळ्यावर मी दुसरा डिटेक्टर काढलाच नव्हता, बापू. आकृती सुटसुटीत दिसावी म्हणून. त्या मुलाच्या वहीतही एकच आहे.

तू तेव्हा पत्त्यांचा अख्खा कॅट गच्चीवर उधळला होतास. पत्ते नंतर लाल-काळे वेगळे केले म्हणून आधीची वाटणी बदलते का, असं विचारून. तो दाखला मला आजही अर्धाच पटतो. पत्ता उलटायच्या आधीही लाल किंवा काळाच असतो. जुळ्या फोटॉनांकडे अशी आधीच लिहून ठेवलेली उत्तरं घेऊन, एकमेकांवर दुरून परिणाम न करता, वागायची सोय नाही. हे भौतिकशास्त्रज्ञ बेलने १९६४ मध्ये गणिताने दाखवलं आणि २०२२ चं नोबेल ते तपासणाऱ्या प्रयोगांना मिळालं. म्हणजे आपण दोघंही थोडे थोडे चुकलो होतो. पण निरोप मागे जातो का, ह्या प्रश्नावर तू पूर्ण बरोबर होतास. जात नाही.

मग वाटलं, दुसरी एखादी वाट असेल. काळाचे बंद फेरे, म्हणजे पुढे जाता जाता आपल्याच भूतकाळात परत आणणाऱ्या वाटा. गोडेलने १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढले ते, म्हणजे मुळात ती देणगी सापेक्षतेची, क्वांटमची नाहीच. तो फेरा असेलच असं धरून डॉइचने १९९१ मध्ये क्वांटमचे नियम लावले, आणि मागे जाऊन आजोबांना मारलं तर आपण जन्मलो कसे, हा पेच सुटला. पण त्याच्या वाचनाप्रमाणे तू मागे जाऊन पोचतोस ते दुसऱ्या विश्वात. तिथला मुलगा फोन उचलेल. हा नाही. सेथ लॉइडच्या पद्धतीत तर विसंगत घटनेची शक्यताच शून्य होते, म्हणजे बंदूक ऐन वेळी दगा देणार. दोन्हींत, ज्या रात्री फोन वाजत राहिला ती रात्र तशीच राहते. हे वाचलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मला त्या पोराचा चेहरा दिसत होता.

हॉकिंग तर म्हणायचा, निसर्गाचे नियमच असे फेरे होऊ देत नसावेत. २८ जून २००९ ला त्याने कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं नंतर पाठवली. कुणी आलं नाही. तुला आमंत्रण असतं, तर कालयंत्र असूनही तू तिथे तासभर उशिराच पोचला असतास, मोठ्या सरांच्या तोंडी परीक्षेला पोचलास तसा.

एका गोष्टीत मात्र मी हटणार नाही. २०१२ मध्ये ओरेश्कोव्ह, कोस्टा आणि ब्रुकनर यांनी मांडलं की क्वांटममध्ये 'आधी कोण, नंतर कोण' हा क्रमच अनिश्चित असू शकतो, आणि २०१५ मध्ये व्हिएन्नात एका फोटॉनवर दोन क्रिया अशा केल्या गेल्या की अमुक आधी झाली असं म्हणताच येऊ नये. त्यातूनही कालच्या दिवसाकडे काही पाठवता येत नाही, कबूल. पण कार्यकारणभाव आपण समजतो तितका घट्ट विणलेला नाही, हे मी गच्चीवर म्हणत होतो ना? यावर भांडायला मी कधीही तयार आहे.

पण हे मंगळवारी त्याला सांगायचं का? त्याने त्यातूनही आशेची फट शोधली तर? आणि नाही सांगितलं, तर पुन्हा सोपं करून अर्धंच सांगितल्यासारखं होईल, जे एकदा करून बसलोय. तू ह्या प्रश्नाला सरळ भिडला असतास. काका गेले तेव्हा तू महिनाभर गणितं सोडवत बसला होतास, त्या वेळी तुला काय ऐकायला हवं होतं? मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतोय.

धाकटीचा निकाल कळला, शाब्बास म्हणून सांग. वहिनींच्या डोळ्याचं पार पडलं असेल. घराचं मार्गी लाव एकदाचं.

आणि तुझी ती निळी वही अजून असेल, तू काही टाकत नाहीस. तिच्यात दोन्ही डिटेक्टरांची आकृती आहे, मोजलेल्या लांबींसकट. तिचा फोटो सोमवारपर्यंत पाठव. मला ती त्याच्या आकृतीशेजारी ठेवायची आहे.

तुझाच,
गच्चीवरचा