गोटीची बाटली आणि पोर्तुगीज? जरा जपून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या रेवदंड्याची बातमी आली, वाडीत शोषखड्डा खणताना "पोर्तुगीजकालीन बाटल्या" सापडल्या म्हणून, फोटोपण छान मोठा छापलात, पण त्या फोटोतल्या पहिल्याच बाटलीच्या गळ्यात गोटी दिसतेय हो! पोर्तुगीज चौल-रेवदंड्यातून गेले १७४० साली. पाण्यात गॅस मुरवायची युक्ती जोसेफ प्रीस्टलीला सापडली १७६७ ला, आणि गोटीवाल्या बाटलीची पेटंटं हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने घेतली १८७०-७२ मध्ये. म्हणजे सोडा जन्माला यायच्या आधीच पोर्तुगीज त्याची बाटली पुरून गेले असं म्हणायचं का?

राग नाही, पण ही चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्या परसात माडाचं आळं खणताना सात बाटल्या निघाल्या तेव्हा मीपण आठवडाभर सगळ्या आळीला शिवकालीन म्हणून दाखवत होतो, मग पुण्याच्या भाच्याने फोनवर हसून हसून वाट लावली आणि तिथून हा नाद लागला.

गोटीची बाटली जुनीच असेल असंही नाही बरं का. आपल्याकडे ती अजून बनते, जत्रेत लिंबू-सोडा त्यातच मिळतो. बाटली उलटी धरून भरतात, मग आतल्या गॅसच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी रिंगला घट्ट चिकटते, अंगठ्याने दाबली की फस्स. गळ्याला खाली दोन चिमटे काढल्यासारखे खळगे असतात ते ओतताना गोटी अडकवायला. आम्ही पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायचो, तशीच पोरं सगळीकडे असणार म्हणून धड सापडणं कठीण.

मग काळ कशावरून ठरवायचा? आधी तळ आणि अंगावरची उठावाची अक्षरं बघायची. तळाला इंग्लंडच्या बार्न्सली गावचं किंवा तिथल्या बाटली-कारखानदार डॅन रायलंड्सचं नाव असेल तर माल १९व्या शतकाच्या शेवटाकडचा. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा १९१६ चा, तेव्हा "मेड इन इंडिया" दिसलं की २०व्या शतकात या. "एम.एल." लिहिलं असेल तर आणखी अलीकडे, कारण मेट्रिक मापांचा कायदाच १९५६ चा, त्याआधी सगळं औंसात. साध्या बुचाच्या बाटलीला साच्याची रेघ बघतात, रेघ ओठाच्या आधीच संपली तर तोंड हाताने केलेलं, थेट ओठावरून गेली तर मशीनची, आणि अमेरिकेतल्या मायकेल ओवेन्सचं आपोआप बाटल्या बनवणारं मशीन आलं १९०३ च्या सुमारास. पण हा नियम गोटीच्या बाटलीला डोळे झाकून लावू नका, तिथे गोटी आत टाकून मगच तोंड घडवतात. कंगोऱ्याच्या पत्र्याचं झाकण, जे आपण ओपनरने काढतो, ते अमेरिकेतल्या विल्यम पेंटरचं, पेटंट १८९२ चं. तसं तोंड असलेली बाटली त्याच्या आधीची नाही, विषय संपला.

माझ्या सातांतली एक तर उभीच राहत नाही, तळ अंड्यासारखा गोल. आधी वाटलं कारागीर चुकला, पण ती मुद्दामच तशी करायचे, आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, सुकून आकसत नाही, गॅस निघून जात नाही. डोकं बघा लोकांचं!

आणि ती मोरपंखी चकाकी, तिला भुलू नका. ओल्या मातीत काच पडून राहिली की पृष्ठभाग झिजून ती येते, आमच्या वाडीतल्या जमिनीत तर बारा महिने ओल. ऑनलाइन विकणारे त्या चकाकीवरच शे-दोनशे वर्षं वाढवतात. निळसर-हिरवा रंगही तसाच, वाळूतल्या लोखंडामुळे येतो, त्यावरून वय निघत नाही.

खणणाऱ्या गड्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, की बाटली निघाली तर किती खोल होती आणि सोबत काय होतं, कौल, चिनी मातीचा तुकडा, नाणं, ते बघून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. एकदा भंगारवाल्याच्या पोत्यात गेली की उरते नुसती काच. धुवायला साधं पाणी पुरे, ॲसिड नको.

त्या बातमीची दुरुस्ती छापलीत तर बरं होईल. आणि एक विनंती, माझ्या एका बाटलीवर इंग्रजीत "बॉम्बे" स्पष्ट आहे पण वरचं कंपनीचं नाव घासून गेलंय, फक्त शेवटचं "अँड सन्स" लागतं. अलिबाग-मुरुड भागात कोणाच्या माळ्यावर तशी धड बाटली असेल तर मला बघायला यायचंय, विकत मागणार नाही.

आपला,
एक वाचक, रेवदंडा