आप्पा, एवढं प्रूफ तपासून द्या

अमळनेर
रविवार, 30 नोव्हेंबर 2025

ती. आप्पा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, तीन आठवडे झाले, फोनवर तुम्ही "बरं" एवढंच म्हणता आणि फोन आईकडे देता. ऑपरेटर काकांनी तुम्हाला सांगितलं, ते मला कळलं. पोरीने प्रेसमधल्या कॉम्प्युटरांवरचं विंडोज काढून त्या जागी लिनक्स टाकलं. ही गोष्ट तुम्हाला माझ्याकडून कळायला हवी होती. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्याबद्दल माफ करा. आता सगळं लिहिते. ताईला वाचायला लावू नका, नवीन डोळ्यांनी तुम्हीच वाचा.

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबरला संपली. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. आपल्याकडे बँकेचं, जीएसटीचं काम त्याच मशीनवर चालतं, लोक आधारकार्डाच्या प्रिंट काढायला येतात. वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपली पाचही मशीनं त्याआधीची. म्हणजे चांगली चालती मशीनं भंगारात घालायची. तुम्ही छपाईची एकच ट्रेडल मशीन तेलपाणी करून किती वर्षं चालवली, ते मी लहानपणापासून पाहिलंय. माझा हात झाला नाही.

पण हे निम्मंच कारण. दुसरं लिहायला जड जातंय. आपल्या पाचपैकी तीन मशीनांवरचं विंडोज विकत घेतलेलं नव्हतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर तर एकाही मशीनवर विकतचं नव्हतं. दुरुस्तीला येणारा माणूस पेनड्राइव्हवर आणायचा आणि टाकून जायचा. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, मला होतं. गिऱ्हाइकाने कागद आणून दिला तर काम झाल्यावर उरलेले ताव मोजून परत करणारे तुम्ही. 'शिल्लक 14 ताव' अशी चिठ्ठी बांधलेले गठ्ठे मी स्वतः पोचवलेत. त्या दुकानात मी सात वर्षं चोरीच्या अवजारावर लग्नपत्रिका काढल्या. ते मला आता सहन होत नव्हतं.

लिनक्स म्हणजे काय, असं तुम्ही काकांना विचारलंत म्हणे. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे ती. फिनलंडमध्ये हेलसिंकीला लिनस टोरवाल्ड्स नावाचा 21 वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने 1991 साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. परवानाच असा आहे की कुणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. आप्पा, तुमच्या छपाईच्या शिशाच्या खिळ्यांसारखं आहे हे. एकदा खणांची पेटी भरून खिळे घेतले की ते आपले. खिळे ओतणारी फाउंड्री बंद पडली तरी खिळा छापायचा थांबत नाही. कॉम्प्युटर आला आणि अक्षरं आपली राहिली नाहीत. आजोबांचे विप्रोचे शेअर विकून तुम्ही 1997 साली पहिला कॉम्प्युटर घेतला, पण त्यातलं अक्षर दुसऱ्याच्या कुलपात होतं.

या बदलातला सगळ्यात किचकट भाग तोच होता, अक्षर. आपल्या जुन्या फाइली ज्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांत 'क' हा खरा 'क' नाहीच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं आहे. तो फॉन्ट नसेल तर पत्रिका उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून जुन्या मशीनवरून एकेक मजकूर काढायचा आणि युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, फिरवायचा, असं काम गणपतीपासून रोज रात्री करतेय. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफारही जागा बदलतो. 'सूर्यवंशी' आडनावाने मला फार छळलं.

आता पत्रिकेचा मजकूर लिबरऑफिसमध्ये घेते, बॉर्डर आणि गणपती इंकस्केपमध्ये, आणि पान स्क्रायबसमध्ये लावते. त्याची जुनी आवृत्ती आपली जोडाक्षरं मोडायची. 2024 साली आलेल्या 1.6 मध्ये ती नीट बसतात, आणि प्लेटसाठी चार रंगांची पीडीएफही तिथूनच निघते. पहिली पत्रिका काढली तेव्हा काका म्हणाले, "हाई काय शे? 'ल' हिंदीचा वाटस." खरंच 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले होते. तुम्ही असतात तर दारातूनच ओळखलं असतंत. मग कळलं की काही फॉन्टमध्ये मराठी वळणही असतं, फक्त त्या मजकुराची भाषा मराठी म्हणून नेमून द्यावी लागते. नेमून दिली आणि पाकळीचा 'ल' आला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. दुकानात मी एकटीच होते, आणि तुम्हाला फोन करावासा वाटला.

काकांना जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डची सवय, त्यांनी आधी सरळ नकार दिला. मग मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दाखवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. तीन आठवड्यांत त्यांचा हात बसला. आता स्वतःहून म्हणतात की मोबाइलवरही हेच टाका.

सगळं गोड झालेलं नाही, तेही सांगते. जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालेना. दोन रात्री घालवल्या, शेवटी हात टेकले. हिशेबाचं सॉफ्टवेअरही तिकडे धड चालत नाही. म्हणून मागच्या खोलीतलं एक मशीन विंडोजवरच ठेवलंय, पैसे भरून, परवान्यासकट. त्यावर फक्त हिशेब, तो प्रिंटर आणि जुन्या फाइली. त्याला इंटरनेट जोडत नाही. गिऱ्हाइक कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल घेऊन आलं तर इंकस्केप उघडतो, पण मजकूर हलतो, पुन्हा लावावा लागतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मंगळग्रह मंदिराकडच्या एका गिऱ्हाइकाची पत्रिका त्यामुळे एक दिवस उशिरा गेली. मी स्वतः पोचवली आणि पैसे कमी घेतले. बिलबुकं, पावतीपुस्तकं, लेटरपॅड यांत मात्र काही अडलं नाही.

नवा खर्च म्हणाल तर तो एक परवाना आणि दोन मशीनांना एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. मशीनं पूर्वीपेक्षा लवकर उघडतात.

आता तुमच्याशी काम आहे. फिरवलेल्या फाइलींमध्ये आता शोधता येतं. नाव टाकलं की पत्रिका निघते. परवा मी आजीचं नाव टाकलं. ताईच्या लग्नाची पत्रिका निघाली, 'आशीर्वाद'च्या ओळीत आजी. आणि तिच्या खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', माझं नाव चुकून तिथे पडलेलं. तुम्ही तेव्हा रात्रभर जागून सगळी पत्रिका पुन्हा छापली होती, ते आईने मला किती वेळा सांगितलंय. ही त्या आधीची, चुकीची फाइल आहे. तुम्ही ती पुसली नव्हतीत.

या पत्रासोबत चाळीस पानं पाठवतेय. युनिकोडमध्ये फिरवलेला मजकूर आहे, जुन्या पत्रिकांचा. रफार, वेलांट्या, अनुस्वार कुठे घसरलेत ते माझ्या नजरेला सगळं दिसत नाही. लाल पेनही पाकिटात ठेवलाय. रोज दोन-तीनच पानं बघा, डॉक्टरांनी सांगितलेले ड्रॉप टाकून झाल्यावर. पुढच्या रविवारी दाजी इकडे येणार आहेत, त्यांच्याकडे द्या. बाकीची पानं मी त्यांच्याच हाती देईन.

आई, भरिताची वांगी याच पिशवीत आहेत, वरच्या बाजूला. पानांना डाग पडू देऊ नकोस.

तुमची,
सोनी