उद्यान सुधारणेच्या कामांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कोल्हापूर महानगरपालिकेच्या कोणत्याही उद्यानात, मग ते महावीर उद्यान असो, हुतात्मा पार्क असो वा रंकाळ्याकाठचे पद्माराजे उद्यान, सुधारणेचे काम सुरू झालेले दिसल्यास प्रथम तेथील माहितीफलक वाचावा आणि कामाचा खर्च, मुदत व ठेकेदाराचे नाव टिपून घ्यावे. फलक नसल्यास उद्यान विभागाकडे लेखी विचारणा करावी. तरीही उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, 2005 अन्वये दहा रुपये शुल्क भरून अंदाजपत्रकाची प्रत मागता येते.

झाडांकडे विशेष लक्ष द्यावे, ही कळकळीची विनंती. पदपथावर पेव्हर बसविताना फरशी थेट बुंध्याला भिडवली जाते, आळे उरत नाही, पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि जुनी, डेरेदार झाडे हळूहळू वाळतात. खेळणी व दिवे नंतरही बदलता येतात, वाळलेले जुने झाड मात्र परत आणता येत नाही. म्हणून आमच्या मते बुंध्याभोवती मोकळी माती राखण्याचा आग्रह काम सुरू असतानाच धरावा. वृक्षतोडीची नोटीस झाडावर लावलेली दिसल्यास तिचे छायाचित्र त्याच दिवशी गटावर पाठवावे, म्हणजे नमूद मुदतीत हरकत दाखल करता येईल.