आकड्याला नाही, हाताला गुण

नाशिक,
१२ एप्रिल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मुलाचा, ओंकारचा, इन्सुलिनवरचा मधुमेह सांभाळायला घरात गुणांचा खेळ लावावा, असं तुझ्या मनात आहे. तो वहीत रक्तातल्या साखरेचे ११५, १२०, १३० असे देखणे आकडे लिहितो आणि एचबीएवनसी ही रक्ततपासणी मात्र १०.४, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी अडीचशेच्या आसपास. वहिनींना रडू आलं नसतं तरच नवल. पण त्याला खोटारडा म्हणू नकोस. दिवसाला चार इंजेक्शनं, चार वेळा बोट टोचणं आणि साखर वाढलेली दिसली की ‘काय खाल्लंस?’ ही उलटतपासणी. यातून चौदा वर्षांचं पोर एवढंच शिकतं की चांगला आकडा सांगितला की सुटका होते.

खेळाची कल्पना चांगली आहे, फक्त गुण आकड्याला देऊ नकोस. मोजलं, टोचलं, खरं सांगितलं, याला गुण दे. आकडा त्याच्या एकट्याच्या हातात नसतोच. या वयात वाढीच्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला पुरती दाद देत नाही. पोटावर एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथून औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात इन्सुलिन टोचायचं पेन दप्तरात तापलं तर इन्सुलिनचा जोर कमी होतो. अशा आकड्यावर बक्षीस ठेवलंस की तो पुन्हा वही रंगवणार, नाहीतर साखर मोजायच्या मीटरवर रक्ताऐवजी मीटर तपासायचं द्रावण टाकून चांगला दिसणारा आकडा आणणार. मुलं हे करतात.

टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात ‘बँट’ नावाचं ॲप केलं होतं. त्यात किशोरवयीन मुलांना साखर मोजण्याबद्दल गुण मिळत. २० मुलांच्या १२ आठवड्यांच्या पहिल्या प्रयोगात मोजण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढलं. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र ॲप वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गटांच्या एचबीएवनसीमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे खेळ बोट टोचायला लावतो. मोजल्यावर डोस कसा बदलायचा, हे डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवावं लागतं. म्हणून खेळाच्या नोंदींचा कागद डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीला घेऊन जा.

घरी ॲप नको. एक काचेची बरणी आणि वाटीभर चिंचोके पुरेत. प्रत्येक मोजणीला १ चिंचोका, आकडा ६० असो वा ४००. जेवणाआधीच्या प्रत्येक इन्सुलिनला २, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या, म्हणजे बराच वेळ काम करणाऱ्या इन्सुलिनला २. दिवसाचे १२, आठवड्याचे ८४. बक्षीस ६० वर ठेव, ८४ वर नाही. एखादा दिवस हातचा गेला तरी खेळ जिवंत राहिला पाहिजे. ‘सलग इतके दिवस’ असली अट तर घालूच नकोस. मामेबहिणीच्या लग्नात एक डोस चुकतो, साखळी तुटते आणि पोरगा खेळ तिथेच सोडतो.

चिंचोके कधीही काढून घ्यायचे नाहीत. उलट, चुकलेला डोस त्याच दिवशी स्वतःहून सांगितला तर १ चिंचोका द्यायचा. वहिनींना हे पटायला जड जाईल, पण सगळ्या खेळात मला हाच नियम सर्वांत मोलाचा वाटतो. चुकलेला डोस कळला तर पुढचं सावरता येतं. गुण किती युनिट घेतली यावर नकोत, फक्त घेतलं यावर. नाहीतर चिंचोक्यांसाठी जास्त टोचेल. मोजणीचे गुण दिवसाला चारच. साखर खाली गेल्यासारखी वाटली तर पाचव्यांदा मोजायला अडवू नकोस, पण त्याला गुण नाही.

टोचायच्या जागांसाठी वहीच्या कागदावर पोटाचं चित्र काढून बेंबी सोडून आठ घरं आखा. दर आठवड्याला एक घर. त्या घरातही आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर. टोचल्यावर दहा अंक मोजूनच सुई काढायची. घाईने काढली की थेंब बाहेर ओघळतो आणि तेवढा डोस कमी पडतो.

खेळात घ्यायच्या नाहीत अशा दोन गोष्टी आहेत. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा सपाट तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. या उपचाराला गुण नाहीत, रागावणंही नाही. आणि उलट्या होताहेत, साखर २५० च्या वर आहे, तर चिंचोके बाजूला ठेव, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्ल पदार्थ) तपास आणि डॉक्टरांना गाठ. अशा वेळी जेवण नाही म्हणून रात्रीचं इन्सुलिन बंद करायचं नसतं.

नियम ओंकारलाच लिहू दे, बक्षीसही त्यानेच निवडावं: मित्रांबरोबर जादा तासभर क्रिकेट, रविवारचा सिनेमा. त्याच्या धाकट्या बहिणीशी स्पर्धा लावू नकोस. तू मात्र खेळात उतर. तुझी रक्तदाबाची गोळी आठवड्यातून दोनदा राहते, हे तूच लिहिलं आहेस. तुझी बरणी वेगळी ठेव. गोळीला १ चिंचोका. बापाचाही डोस चुकतो आणि तो तसं सांगतो, हे त्याला दिसू दे.

रविवारी रात्री दहा मिनिटं बसा. मीटरची मेमरी त्यानेच उघडून दाखवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. त्याच्या पाठीमागे मीटर तपासू नकोस. सहा आठवड्यांनी त्याला कंटाळा येईल. तेव्हा बक्षीस वाढवू नकोस, खेळ बदल: चिंचोक्यांऐवजी सापशिडी, पण साप पुसून फक्त शिड्या ठेवलेली. पुढे बक्षीस आठवड्याऐवजी पंधरवड्याने.

इतकं करूनही वजन उतरत असेल आणि साखर कायम चढलेली असेल, तर तो बारीक होण्यासाठी किंवा मन खचल्यामुळे मुद्दाम इन्सुलिन टाळतोय का, हे डॉक्टरांना आणि समुपदेशकाला विचार. तिथे चिंचोके उपयोगाचे नाहीत.

पहिल्या रविवारचा कागद मला पाठव. डॉक्टरांची पुढची तारीख कधी आहे तेही कळव, आणि ओंकारने बक्षीस म्हणून काय लिहिलं ते जरूर सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत