उत्तेजक चाचणीसाठी स्वयंसेवक घडवा

महोदय,
मराठवाड्यात मॅटवरची कुस्ती, कबड्डी, मैदानी स्पर्धा वाढत आहेत, याचा आनंद आहे. पण उत्तेजक चाचणीचे पथक आले की संयोजकांची धांदल उडते. नमुना घेणारा अधिकारी 'नाडा' या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा असतो. खेळाडूला चाचणीची सूचना दिल्यापासून त्याच्यावर अखंड नजर ठेवणारा मदतनीस मात्र स्थानिक स्वयंसेवकही असू शकतो. त्याने क्षणभर खेळाडूला नजरेआड होऊ दिले, तरी साऱ्या प्रक्रियेवर बोट ठेवता येते. लघवीचा किमान 90 मिलिलिटर नमुना लागतो. घामाने निथळलेल्या मल्लाला त्यासाठी बराच वेळ लागतो. तोवर धीर धरणे, पाणी सीलबंद बाटलीतलेच देणे, अल्पवयीन खेळाडूला सोबत प्रतिनिधी ठेवता येतो हे सांगणे, हे शिकवल्याशिवाय येत नाही. मुलींसाठी तर प्रशिक्षित महिलाच हव्यात. खेड्यातली मुलगी पहिल्यांदा चाचणीला जाते तेव्हा धड समजावणारे कोणी नसेल, तर बिचारी घाबरून जाते. 2022 मध्ये उत्तेजकविरोधी कायदा झाला, पण मैदानावर माणसे कुठे आहेत? नांदेड व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांनी शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः विद्यार्थिनींसाठी, 'नाडा'च्या मदतीने हंगामापूर्वीच प्रशिक्षण ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक क्रीडाशिक्षक, परभणी