क्ष ला कुठली किंमत द्यायची?

साखळी, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुलांना बहुपदीची बाकी शिकवताना तू थेट शेष सिद्धान्त (क्ष − अ ने भागलं, तर क्षच्या जागी अ घालून येते तीच बाकी) फळ्यावर लिहून देतोस, हे वाचलं आणि राहवेना. पाऊस धो धो कोसळतोय, शिकवणीला आज मोजकीच मुलं आली, त्यामुळे सवडही आहे.

आज एका मुलीने २क्ष³ − ५क्ष + ७ ला क्ष − २ ने भागायला घेतलं. क्ष² चं पद नाही, तिथे शून्य ठेवायचं राहिलं आणि पुढची मांडणी सरकली. मी म्हटलं, आधी लिही: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. ही बरोबरी क्षच्या कुठल्या किमतीला खरी?

"सगळ्याच."

मग सोयीची किंमत घे ना! तिने भाजकाकडे नीट बघितलं आणि २ घातले. भाजक शून्य झाला. भागाकार काहीही असो, तो गेलाच. उरली ती बाकी: १६ − १० + ७ = १३. मग शून्य ठेवून पूर्ण भागाकारही केला. २क्ष² + ४क्ष + ३, बाकी १३.

अरे, सगळं मर्म त्या 'सगळ्याच'मध्ये आहे! नुसतं 'किंमत घाला' सांगितलं की मुलं क्ष + ३ असला तरी ३ घालतात, आणि २क्ष − १ आला की अडतात. भागाकारही हवा असेल तर संश्लेषक पद्धत, म्हणजे नुसते सहगुणक मांडून भागायची रीत, उत्तमच; पण नुसत्या बाकीसाठी तेवढा खटाटोप कशाला?

तू पाठवलेलं गणितही यानेच सुटतं. क्षचा १००वा घात भागिले क्ष² − ३क्ष + २. भाजक दुसऱ्या कोटीचा, म्हणजे त्यात क्षचा सर्वांत मोठा घात २, म्हणून बाकी फार तर पहिल्या कोटीची. ती म × क्ष + न धर. भाजक म्हणजे (क्ष − १)(क्ष − २), तो १ आणि २ला शून्य होतो. २च्या १००व्या घाताला घ म्हणू. क्ष = १ घेतला की म + न = १, क्ष = २ घेतला की २म + न = घ. म्हणजे म = घ − १ आणि न = २ − घ. संपलं!

आता तुझी पाळी. त्याच घाताला (क्ष − १)² ने भाग. बाकी १००क्ष − ९९ येते. पण इथे भाजक शून्य करणारी किंमत १ ही एकच. मग दुसरं समीकरण मुलांना कुठून आणून द्यायचं? चवथीला येशील तेव्हा सांग, नाहीतर आधीच लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र